थंड किटलीचा चामराजपेटेतला श्रोता

"सूर अमर असतो," भीमाचार्य म्हणाले, आणि त्यांच्या पेटीच्या भात्यातून दोन झुरळं बाहेर आली.

एक रघुपतींच्या चपलेखाली गेलं. दुसरं पुन्हा भात्यात शिरलं. त्याला आचार्यांचं म्हणणं पटलेलं असावं. भात्याचं कातडं तीन ठिकाणी कुरतडलेलं होतं, मधल्या सप्तकातला पंचम दाबला की पट्टी खाली जाऊन तिथेच विश्रांती घेत होती, आणि मठातल्या स्वामींच्या आराधनेला, म्हणजे पुण्यतिथीला, आठ दिवस राहिले होते. आचार्य मठाच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतात. ती पेटी ते वर्षातून एकदा, आराधनेच्या तोंडावर, बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या रघुपतींच्या दुकानात आणतात आणि दर वेळी सुराबद्दल असं काहीतरी बोलतात. पेटी वापरून झाली की कपड्यात गुंडाळून ठेवावी, असं रघुपतीही दर वेळी सांगतात. दोघांचंही कुणी ऐकत नाही.

या खेपेला तर रघुपतींनी अक्षरशः ऐकलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही कानांत वायरी होत्या.

"अण्णा, मी मघापासून बोलायलोय. कानात काय घातलंय ते?"

रघुपतींनी एका कानातली वायर काढली. गाणं आहे म्हणाले. कुठलं, तर वेल्सचं. वेल्स कुठं आलं, तर इंग्लंडला चिकटून. आचार्यांनी हात पुढे केला. पेटी दुरुस्त करणारा माणूस तीस वर्षांत पहिल्यांदा आपणहून गाणं ऐकताना दिसत होता, तेव्हा ते काय आहे हे पाहणं भागच होतं.

त्यांनी वायर कानात घातली आणि डोळे मिटले. आधी एक बाई चर्चमध्ये म्हणतात तसं संथ काहीतरी म्हणत होती. तिच्याखाली तिचाच आवाज आणखी तीन पट्ट्यांत लावलेला. मग तारांचं एक मोठं वाद्य आलं आणि मधेच गेलं. मग लोखंडी फाटक करकरलं. मेंढ्या. कुठेतरी दार ठोठावल्यासारखी टकटक. मग काहीच नाही. मग तारा पुन्हा, पण उलटीकडून.

"यांचं काय वाजवायचं ते अजून ठरतंय का?"

"ठरलंय."

"मग सुरू कधी होणार?"

"सुरू आहे."

आचार्यांनी आणखी थोडं ऐकलं. त्यांच्या कपाळावरचं गंध आक्रसलं, मग सैल झालं. "ही मधे गुणगुणतेय कोण? ही काय तिकडची वाटत नाही."

"अहल्या," रघुपती म्हणाले.

आचार्यांनी वायर कानातून काढली आणि दोन्ही हातांनी परत दिली. रघुपतींच्या बायकोला, अहल्याबाईंना, जाऊन अकरा महिने झाले होते. पंचमाचं स्वल्प लवकर बघा, एवढं बोलून ते रस्त्याला लागले.

बँडचं नाव वेल्श भाषेत 'तेगेल ओयर' असं होतं. अर्थ, थंड किटली. त्यातला 'ल' साधा नाही. जीभ दातांमागे टेकवून हवा गालांच्या बाजूने सोडावी लागते. बँडमधल्या ग्वेनने तो या दुकानात बसून तीनदा करून दाखवला होता. रीडमध्ये केस अडकला की असाच आवाज येतो आणि तो काढता येतो, असं रघुपतींनी तिला सांगितलं. ग्वेनला हे इतकं आवडलं की तिने ते वहीत लिहून घेतलं. काढून मात्र घेतलं नाही.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. बेंगळुरूच्या एका कलासंस्थेने ग्वेन आणि इवान या दोघांना तीन आठवडे राहायला बोलावलं होतं. ग्वेन तारा छेडायची आणि गायची. इवानकडे एक यंत्र होतं, त्यातून बाकीचं सगळं यायचं. त्या संस्थेची पेटी रघुपतींकडे यायची म्हणून त्या दोघांना त्यांचा पत्ता मिळाला. सोबत आलेल्या कागदावर त्यांच्या संगीताचा प्रकार लिहिला होता. रघुपतींची मुलगी क्षमा मारतहळ्ळीच्या ऑफिसात रजा टाकून दुभाषी म्हणून आली होती. तिने तो वाचला: प्रायोगिक लोक-पॉप.

"प्रायोगिक म्हणजे?" अहल्याबाईंनी आतून विचारलं.

"अजून जमलेलं नाही," रघुपती म्हणाले.

प्रत्यक्षात प्रकार बरा होता. ग्वेनच्या गावातलं प्रार्थनामंदिर बंद पडलं तेव्हा तिथली पायपेटी तिच्या घरी आली. तिकडच्या ओलीने तिचे सूर हलले, आणि ग्वेनला ते हललेले सूरच आवडू लागले. मग तिने गावातली जुनी गाणी त्या पेटीवर, प्रार्थनेसारखी चार आवाजांत म्हणायला घेतली. इवानने त्यांच्यामागे कामांचे आवाज घातले. पाटीचा दगड फोडण्याचा, मेंढ्यांच्या फाटकाचा, नावेच्या साखळीचा. बंद पडत चाललेल्या कामांचे आवाज आम्ही जमवतो, असं तो म्हणाला. क्षमाने ते मराठीत सांगितलं. मग आपलं काम अजून बंद पडलेलं नाही एवढं त्याला सांग, असं रघुपतींनी सुचवलं.

ते काम असं. पेटीत एका पट्टीखाली दोन-दोन रीड असतात. पितळेची पातळ जीभ असते ती. दोन्ही एका सुरात लावायच्या. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. दोन्ही अगदी जवळ आल्या, पण एक झाल्या नाहीत, की दोघींच्यामध्ये थरथर उठते. ती थरथर मंदावत मंदावत थांबली की काम झालं. आयुष्यभर रघुपतींनी हजारो थरथरी थांबवल्या होत्या. या दोघांना नेमकी तीच हवी होती. थांबायच्या आधी जरा थांबा, असं ग्वेन पुन्हा पुन्हा सांगत होती. रघुपतींनी ते पाहुणे म्हणून सोसलं.

थरथर ऐकू यायची तर घरात शांतता हवी. सकाळी दहा ते एक हा घरातला सूर लावण्याचा वेळ. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि मागे स्वयंपाकघर. त्या वेळात मिक्सर नाही, कुकर नाही, पंखा नाही. बाहेर बस, ऑटो, मार्केटकडे जाणारे टेम्पो कितीही ओरडोत, त्यांचं काही नाही. लहानपणी क्षमाने याचं कारण विचारलं होतं. रघुपतींनी समजावलं, की ऑटोला सूर नसतो, तो कानाला बाजूला सारता येतो. सुरातला आवाज बाजूला सारता येत नाही.

आणि अहल्याबाई सुरात होत्या. म्हणजे जवळजवळ. काम करताना त्या गुणगुणायच्या. कधीकाळी ऐकलेल्या भजनाच्या दोन ओळी आणि त्यांच्या शेपटाला रेडिओवरच्या साबणाच्या जाहिरातीचा तुकडा, असं काहीतरी ते होतं. दिवसभर तेच. आपण गुणगुणतोय हे त्यांना कळायचं नाही. रघुपतींना कळायचं. ते मान वर न करता खरवडणीच्या लाकडी मुठीने टेबलावर दोनदा टकटक करायचे. आतला आवाज बंद व्हायचा. चिडणं नाही, शब्द नाही. छत्तीस वर्षं हे इतकं सुरळीत चाललं, की टकटक आपण करतो हे त्यांच्याही लक्षात येईनासं झालं होतं.

जानेवारीच्या त्या सकाळी इवानने दोन माइक लावले. एक टेबलाशी आणि दुसरा स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या फळीवर. त्यांना केसाळ टोप्या होत्या. अहल्याबाईंनी लांबून बघून हे मुंगूस चावत नाही ना असं विचारलं. मग सगळे बसले. रघुपतींनी मध्यमाची रीड हातात घेतली. बारा मिनिटांत सूर लागला. ग्वेनच्या डोळ्यांत पाणी होतं. ते धुळीने आलं असावं, असं रघुपतींचं मत पडलं. अहल्याबाईंनी सगळ्यांना उप्पिट्टू दिलं. पाहुणे गेले.

गाणं पुढच्या दिवाळीत आलं. क्षमाने ते आपल्या फोनवर लावलं आणि तिघं दुकानातच उभ्याउभ्या ऐकत राहिले. पेटीची थरथर आली तेव्हा रघुपतींनी लाजून बाहेर बघितलं. दुसऱ्या मिनिटाला गुणगुण सुरू झाली. ती चांगली पाऊण मिनिट चालली, टकटकीच्या ठेक्यावर, तेच तेच पुन्हा पुन्हा.

"अगबाई, ही मी," अहल्याबाई म्हणाल्या. "मी आहे की यात."

"आहेस," रघुपती म्हणाले. "पाव सूर खाली आहेस."

"मग खरवडा की टोकाला. चढतो म्हणता ना?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. क्षमाही त्यांच्यामागोमाग आत गेली. त्या दिवशी एक वाजून गेला होता, त्यामुळे हरकत नव्हती.

गेल्या भाद्रपदात अहल्याबाईंना ताप आला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्याला त्यांची धाकटी बहीण वासंती बेळगावहून आली. जाताना रघुपतींना म्हणाली, भावजी, अक्काचा आवाज कुठं भरून ठेवलेला असला तर वर्षश्राद्धाला ऐकवा. फोटो फार झाले. यात अवघड काही असेल असं कुणाला वाटलं नाही. मग शोधाशोध सुरू झाली. अहल्याबाईंचा फोन बटणांचा होता. त्या निरोप ठेवत नसत, सरळ फोन लावत. क्षमाच्या लग्नाची चित्रफीत होती, तीन तासांची. फोटोवाल्याने तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी चढवली होती. अहल्याबाई तीत चौदा वेळा तोंड उघडताना दिसतात आणि प्रत्येक वेळी सनई वाजते. क्षमाच्या फोनवर आणखी सहा तुकडे होते. त्यांत अहल्याबाईंचा तळहात होता आणि एका ठिकाणी "नको" हा शब्द होता.

म्हणजे उरली थंड किटली.

रघुपतींनी क्षमाकडून ते गाणं आपल्या फोनवर, गाण्यांच्या ॲपमध्ये लावून घेतलं. कुठे दाबलं की सुरू होतं, कुठे दाबलं की पुन्हा पहिल्यापासून येतं, हे शिकून घेतलं. सकाळी दहाला ते वायरी कानात घालत आणि एकला काढत. या वेळात सूर लावण्याचं काम होईना, म्हणून लोकांच्या पेट्या रांगेत पडून राहिल्या. दुसऱ्या मिनिटाची वाट बघत मेंढ्या आणि फाटक ऐकायची त्यांना सवय झाली. पुढे पुढे तर फाटक पाव सूर चढलेलं आहे, हेही त्यांनी क्षमाला सांगितलं.

अडचण अशी होती, की गुणगुण एकटी कुठेच नव्हती. तिच्यावर तारा होत्या, ग्वेनचे चार आवाज होते, खाली ती टकटक होती. रघुपतींनी आपल्या पद्धतीने बाकीचं बाजूला सारून बघितलं. एकच कान लावला. फोन उशीखाली ठेवला. पितळी डब्यात ठेवला. सगळं सुरात असल्यामुळे काहीच बाजूला सरेना. क्षमाने गाण्यातले आवाज वेगळे करणारं एक सॉफ्टवेअर आणलं. त्याने ग्वेनला एका बाजूला काढलं, तारांना दुसऱ्या, आणि गुणगुण पेटीबरोबर 'इतर वाद्ये' या खात्यात टाकली.

"म्हणजे?" रघुपतींनी विचारलं.

"म्हणजे त्याला वाटतंय, आई वाद्य आहे."

शेवटी आराधनेच्या आदल्या आठवड्यात रघुपतींनी विषय काढला. त्या दोघांकडे मूळचं असेल ना, असं म्हणाले. तारा चढवण्याआधीचं. पाऊण मिनिट तर पाऊण मिनिट, पण नुसती ती. वासंती येणार आहे. क्षमा खिडकीबाहेर बघत राहिली.

"मागायलाच पाहिजे का, अप्पा? आहे ते गाणं बरंय की."

"गाण्यात ती पुरती ऐकू येत नाही."

सरी, बरं तर, क्षमा म्हणाली, आणि तिथेच बसून मेल लिहिला.

उत्तर चार दिवसांनी आलं. तोवर आचार्यांच्या पेटीचा भाता नवा झाला होता, दुसरं झुरळ सापडलं होतं आणि पंचम सोडून सगळे सूर लागले होते. इवानचं पत्र लांबलचक होतं. क्षमा रविवारी मारतहळ्ळीहून ते घेऊन आली आणि दुकानातल्या बाकावर बसून मराठीत सांगू लागली. आंटींबद्दल वाचून दोघांनाही फार वाईट वाटलं. ग्वेन आता शाळेत शिकवते, इवान आठवड्यातून चार दिवस शाळेची बस चालवतो, पण बँड बंद झालेला नाही. जुन्या डिस्कमध्ये त्या सकाळचं रेकॉर्डिंग सापडलं. दाराजवळच्या माइकचं, पूर्ण बारा मिनिटांचं, काहीही न बदललेलं. सोबत जोडलं आहे.

"आणि अजून एक लिहिलंय," क्षमा म्हणाली.

त्यांचं गाणं कोणत्या गावात किती वेळा वाजतं, हे त्यांना त्या ॲपकडून दर महिन्याला कळतं. पूर्वी यादीत पहिलं नाव त्यांच्या राजधानीचं असायचं. गेले दहा महिने पहिलं नाव बेंगळुरूचं आहे. मागच्या महिन्यात या शहरात ते गाणं एक हजार एकशे चाळीस वेळा वाजलं. आपलं संगीत इतक्या लांब, इतक्या लोकांपर्यंत कसं पोचलं हे त्यांना उलगडत नाही. बेंगळुरूला येऊन कार्यक्रम करावा म्हणून त्यांनी तिकडच्या एका संस्थेकडे मदतीचा अर्ज केला आहे आणि त्यात हा आकडा घातला आहे. हे श्रोते साधारण कोणत्या वयाचे आहेत, क्षमाला काही कल्पना आहे का?

रघुपतींनी कानातल्या वायरींची गुंडाळी केली. ती उलगडली. पुन्हा केली.

"अर्ज गेला का?"

"गेला."

"मग आता काय सांगतेस."

क्षमाने फोन त्यांच्या हातात दिला. एकटे ऐकणार का, असं तिने विचारलं. एकटं कशाला, तुझी आई आहे, तूही ऐक, असं म्हणून त्यांनी एक वायर तिला दिली आणि एक आपल्या कानात घातली. मग बारा मिनिटांच्या त्या रेकॉर्डिंगवर बोट ठेवलं.

आधी खुर्ची सरकली. इवान काहीतरी म्हणाला. भाता भरला, मध्यम वाजला. दाराजवळचा माइक असल्यामुळे पेटी लांब होती आणि स्वयंपाकघर जवळ. कुठेतरी चमचा पातेल्याला लागला. मग, अगदी कानाशी, अहल्याबाई गुणगुणायला लागल्या. तारा नाहीत, चर्च नाही. भजनाची पहिली ओळ, दुसरीचं तोंड.

टकटक.

गुणगुण थांबली.

रघुपतींनी बोट लावून मागे नेलं. पुन्हा चार सेकंद. पुन्हा टकटक. तिसऱ्यांदा त्यांनी फोन खाली ठेवला आणि टेबलावरच्या खरवडणीकडे बघितलं. मूठ सागाची होती, वापरून काळी पडलेली. तिच्या बुडाशी एक सपाट, गुळगुळीत जागा झाली होती.

इवानने चार सेकंदांचं पाऊण मिनिट केलं होतं. कापून, जोडून, पुन्हा पुन्हा. आणि ती दोनदाची टकटक थोडी खाली उतरवून, घुमवून, तिचा ठेका केला होता.

"तुला माहीत होतं," रघुपती म्हणाले.

"मी या घरात वाढलेय, अप्पा."

"बोलली नाहीस."

"आईलाही माहीत होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच. आत जाऊन हसत नव्हती का ती? मला म्हणाली, त्यांना सांगू नको हं. नाहीतर टकटक सुरात आहे का ते बघत बसतील."

रघुपतींना हसू आलं असावं. त्यांचा चेहरा त्या बाजूला जाऊ लागला होता, पण पोचला नाही. समोरून एक ऑटो कन्नड गाणं लावून गेला. तो गेल्यावर त्यांनी विचारलं, पुढच्या मिनिटांत काय आहे?

"काही नाही. नंतर ती गप्पच आहे."

क्षमा कॉफी करायला आत गेली. रघुपतींनी दोन्ही वायरी कानात घातल्या आणि पुढचं ऐकलं. चाळीस वर्षं दोन रीडमधली थरथर ऐकलेला तो कान होता. त्याला जे ऐकू आलं, ते सॉफ्टवेअरला आलं नसतं. नळ बंद केल्याचा आवाज, आणि मग थेंब पडू नये म्हणून तोटीला बांधलेलं फडकं. पातेल्यावर झाकण ठेवलं, पण ते आधी कडेवर टेकवून, मग हळूच सोडून. बांगड्या एकदा वाजल्या आणि कोपराकडे सरकवल्या गेल्या. डबा उघडताना होणारा आवाज होऊ नये म्हणून तो पदरात धरून उघडलेला. सातव्या मिनिटाला श्वास घेतला, गायला सुरुवात करताना घेतात तसा. पुढे काही नाही. दहाव्या मिनिटाला पुन्हा एकदा तसाच. लांबून पेटीतली थरथर मंदावत गेली, एक झाली. ग्वेनने नाक ओढलं. मग अहल्याबाईंनी विचारलेलं ऐकू आलं, झालं का हो तुमचं, आणि रेकॉर्डिंग संपलं.

क्षमाने आणलेली कॉफी निवून गेली.

आराधनेच्या आदल्या दिवशी आचार्य पेटी न्यायला आले. बाकावर बसून त्यांनी सप्तक खालपासून वर वाजवून बघितलं, मग वरून खाली, आणि पंचमावर थांबले.

"अण्णा, पंचम स्वल्प हलतोय की."

"हलतोय."

"राहिलाय का?"

"ठेवलाय."

आचार्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ते पेटी कपड्यात गुंडाळून घेऊन गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

वर्षश्राद्धाला वासंती बेळगावहून सकाळच्या गाडीने आली. आदल्या रात्री क्षमाने सुचवलं होतं, की चार सेकंद कापून वेगळे करते, टकटकीच्या आधीपर्यंतचे. मावशीला तेवढंच ऐकवू. कुणाला काही कळणार नाही. रघुपतींनी नको म्हटलं. कापाकापी त्या पोराने पुष्कळ केलीय, असं म्हणाले.

गुरुजींना घाई होती, बाराच्या आतच जेवणं झाली आणि ते गेले. रघुपतींनी वासंतीला दुकानात बाकावर बसवलं, वायरी तिच्या कानात दिल्या आणि स्वतः समोर उभे राहिले. ऐकताना तिचा चेहरा एकदम वर आला. मग तसाच राहिला.

"थांबली का मधेच?" ती म्हणाली. "आणि हे ठोकतंय कोण?"

"मी," रघुपती म्हणाले.

वासंतीने वायरी काढल्या नाहीत. तिने बारा मिनिटं ऐकलं. मग उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली, मोठमोठ्याने, आपटत. एक वाजायला अजून वेळ होता. रघुपती टेबलाशी बसून होते. खरवडणी त्यांच्या हातात होती.

वेल्समध्ये तो अर्ज मंजूर झाला. त्या महिन्यात थंड किटलीचं गाणं बेंगळुरूमध्ये एकदाही वाजलं नाही.